धोरण : प

सकाळी अकराची वेळ रेवाबाईनं मुद्दाम निवडली होती. विसरवाडीच्या फाट्यावर अकरा ते बारा या वेळात एकही एस.टी. थांबत नाही, हा तिच्या चहाच्या टपरीचा एकोणीस वर्षांचा अभ्यास होता. त्या शनिवारी अकरा वाजता तीन थांबल्या. पहिली बंद पडली होती, दुसरी पहिलीला बघायला थांबली, आणि तिसरीला पुढे जायला वाट नव्हती. दीडशे माणसं चहा मागत होती आणि त्यांच्या मधोमध बसून घरातला एक निर्णय घ्यायचा होता.

बंद पडलेल्या गाडीतून रेवाबाईचा थोरला भाऊ छगन उतरला. तो पलीकडून, गुजरातेतून आला होता. गाडी आपल्यासाठीच थांबवली आहे अशा चालीनं तो टपरीकडे आला.

"बसा दादा," रेवाबाई म्हणाली. "जगदीश येल शे. गजरा बी येल शे. पोर मांगे भांडा धुई ऱ्हायनी."

"शिकाले येल शे अन् भांडा धुई ऱ्हायनी?"

"आते पाहुनी म्हनीसन येल शे. शिकाले अजून ठेवानी शे."

छगनला हा खुलासा पटला. या घरात पोरीला कुणाकडे कामाला ठेवत नाहीत. तसं कुणी म्हटलं तर भांडण होतं. पोरीला शिकायला ठेवतात. मधल्या चंदनची रंजिता नवव्या वर्षी छगनकडे शिकायला गेली, तेव्हा छगनच्या बायकोला जुळं झालं होतं. अकराव्या वर्षी ती धाकट्या जगदीशकडे ब्राह्मणपुरीच्या मळ्यावर शिकायला गेली, तेव्हा जगदीशचा पवन शाळेचं नाव काढलं की झाडावर चढत होता. आता रेवाबाईची सून रिना आठव्या महिन्यात होती, आणि विसरवाडीच्या शाळेइतकी चांगली शाळा दुसरीकडे कुठे नाही, असं रेवाबाईला गेल्या पंधरवड्यापासून वाटू लागलं होतं.

अडचण एवढीच होती की पोरीची आई, गजराबाई, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातून परवा खाली उतरली होती आणि पोरीला आश्रमशाळेत घालते म्हणत होती. वसतिगृहात ठेवून. सातवीत. हे कुणालाच समजेना. आश्रमशाळेत कुणाचंच बाळ नव्हतं. तिथे रंजिताचं काय काम?

"बस बाई, बस," रेवाबाई गजराबाईला म्हणाली. गजराबाई बाकाच्या टोकावर बसली होती, तरी ती उभीच आहे असं वाटत होतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जगदीशच्या मळ्यावरच्या शाळेतून काल काढलेला दाखला. "तुन्ही पोर ती मन्ही पोर. आठे दहावीलोंग शाळा शे. घरथून देखाती इतली जवळ. शिकी बी."

"शिकी बी" मधला तो "बी" गजराबाईनं ऐकला. गेली चार वर्षं ती ऐकत होती. छगनच्या घरून फोन आला की "जुळं संभाळस, शिकस बी". जगदीशच्या घरून फोन आला की "पवनले लई जास, शिकस बी". पोरगी सगळीकडे शिकत होती, पण नेहमी "बी" लावून.

"आश्रमशाळामा घालू," ती म्हणाली. तिच्या बोलीत अजून डोंगर होता. अहिराणी ती पाहुण्यांसारखी वापरायची, मोजून. "तठे फक्त शिकी."

"फक्त?" सुकलालनं झारा थांबवला. रेवाबाईचा हा नवरा भज्यांच्या कढईपाशी उभा राहून आयुष्य काढलेला माणूस. शाळेचं तोंड त्यानं बाहेरूनही नीट पाहिलं नव्हतं. "दिवसभर फक्त शिकाले लावतस का तठे? मंग पोरं बिमार नही पडतस का?"

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर चार चहा सांगून गेला आणि रेवाबाई उठली. ती बसली की कुणीतरी चहा मागायचं, ती उठली की जगदीश बोलायला लागायचा, आणि तो बोलायला लागला की ती परत बसायची.

जगदीशनं मोटारसायकल अजून बंद केली नव्हती. पेट्रोल कमी आहे म्हणून बंद केली की परत चालू होत नाही, असं तो म्हणाला. पेट्रोल कमी असताना चालू का ठेवायची, हे त्याला कुणी विचारलं नाही. कारण जगदीश बारावी होता. घरातला एकटा.

"मन्हं म्हननं इतलंच शे," तो म्हणाला, "पोर जठे शे तठेच राहू द्या. तिले तठे सवय शे. सर बी म्हनतस, हुशार पोर शे. पवन तिना शिवाय वर्गमा बसत नही."

"पवन किती दिन तिन्हा पदरले धरीसन शिकी?" रेवाबाईनं विचारलं.

"तू मन्हाकरता नही का बसनी बालवाडीमा? नऊ वरीसनी व्हती तू."

"व्हती. म्हनीसन तर सांगी ऱ्हायनी."

छगननं दोघांकडे पाहिलं आणि ठरवलं की रेवाबाईच्या बाजूनं जायचं. सकाळी गाडीत त्यानं जगदीशच्या बाजूनं जायचं ठरवलं होतं. खरं तर त्याच्याही घरी तिसरं मूल चार महिन्यांचं होतं, आणि त्याच्याकडची शाळाही चांगली होती. पण ते शेवटी काढायचं होतं.

"चंदनले विचारा," तो म्हणाला. "बाप शे तो."

चंदन सुरतेला एका स्लॅबवर होता. रेवाबाईनं फोन लावून बाकावर ठेवला. मागे मिक्सर फिरत होता.

"चंदन, पोर मन्हाकडे ठेवू ना रे?"

"हां हां."

"चंदन, मी जगदीश. मन्हाकडेच बरी शे ना?"

"हां, बरी शे."

"अन् गजरा म्हनस आश्रमशाळामा…" छगननं सुरुवात केली.

"हां, मंग घाला ना," चंदन म्हणाला, आणि फोन कटला. तिन्ही बाजूंना बापाची संमती मिळाली.

"आश्रमशाळाना सरले फोन लाव," गजराबाई रिनाला म्हणाली. हे ती इतक्या हळू म्हणाली की सगळ्यांनी ऐकलं. रिना दहावी नापास होती, पण मराठीत पास. पोटावर एक हात ठेवून तिनं दुसऱ्या हातानं गजराबाईच्या फोनमधला नंबर लावला. पलीकडे मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, सातवीत एक जागा आहे, दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

गजराबाईनं पिशवीतून दाखला काढला. कालपासून ती तो छातीशी धरून फिरत होती. तिला तो वाचता येत नव्हता, पण जवळ धरता येत होता.

रिनानं वाचलं. "इयत्ता दुसरी उत्तीर्ण. इयत्ता तिसरीत बसण्यास पात्र."

"सातवीत म्हणालात ना तुम्ही?" फोनमधून मुख्याध्यापक म्हणाले.

"एक मिनिट हं सर." रिनानं फोनवर हात ठेवला. "मामी, आठे तिसरी लिखेल शे."

"तुले चक्कर येस ना सकायपासून," रेवाबाई म्हणाली. "बस जराशी. परत वाच."

रिना बसली. परत वाचलं. बसूनही तिसरीच होती.

छगन उठला. "तिसरी कशी व्हई? मन्हा घरथून पोर पाचवीमाईन गई. अर्धी पाचवी करीसन गई. दिवाळीलोंग बसेल व्हती ती पाचवीमा."

"पाचवी कोठे दादा," जगदीश म्हणाला. त्याच्या आवाजात घाई नव्हती. कागदाचा विषय निघाला की तो शांत व्हायचा. "तुम्हना गुजरातनाच दाखला शे. मी स्वतः वाचेल शे. झेरॉक्स शे मन्हाकडे."

मोटारसायकलच्या डिकीतून प्लास्टिकचं फोल्डर निघालं. त्यात घरातल्या सगळ्यांचे कागद होते: रेशनकार्ड, मतदानाची ओळखपत्रं, छगनच्या एका जुन्या गुरांच्या विम्याची पावती. घरात कुठलाही कागद आला की तो जगदीशकडे जायचा, आणि जगदीश सांगेल ते त्या कागदात लिहिलेलं असायचं.

"हाई देखा. गुजराती ऱ्हायनी तरी अक्षरं आपलासारखीच शेतस, फक्त वरनी रेघ नही." त्यानं बोट ठेवलं. "धोरण. पुढे प. धोरण प."

"मंग?"

"मंग काय? धोरण म्हंजे शासननं धोरण. प म्हंजे पहिली. परराज्यमाईन येल पोर पहिलीपासून बसाडानी, आसं शासननं धोरण शे."

छगननं झेरॉक्स हातात घेतली. त्याची जुळी पोरं त्याच शाळेच्या बालवाडीत जात होती, त्यांच्या पाट्या तो रोज पाहायचा. त्यानं ૫ कडे पाहिलं, मग जगदीशकडे पाहिलं.

"धोरण म्हंजे इयत्ता," तो म्हणाला. "अन् हाऊ प नही. गुजरातीमा हाऊ पाच शे."

बंद गाडीला धक्का मारणारी माणसं "हुं" म्हणून एकदम ओरडली. गाडी हलली नाही.

"शब्दमा बी लिखेल व्हई ना," रिना म्हणाली.

"तठे शिक्का बठेल शे," जगदीश म्हणाला.

त्यानं जाऊन मोटारसायकल बंद केली.

*

जगदीशला तो दिवस आठवत होता. मळ्यावरच्या वस्तीची शाळा चौथीपर्यंत, एक खोली, पट एकोणीस. लातूरकडचे नवे सर पट वीस करायच्या मागे होते. वीसच्या खाली शाळा बंद करून मोठ्या गावात नेतात, अशी बोलवा होती. जगदीश दाखला घेऊन गेला तेव्हा सरांनी त्याला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत शाळेत त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. बाहेरच्या ओट्यावर उभं राहून तो बोलायचा. सरांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "हे काय लिहिलंय हो? तुम्हाला येतं का गुजराती?"

खुर्चीत बसून "नाही" म्हणणं अवघड असतं.

रंजिता दारात उभी होती. सरांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "पाच."

"पाच वर्षांची?" सर म्हणाले. "उंच आहे हो."

तेव्हा जगदीश हसला होता. तिला काय समजतं, हे धोरण आहे, असं म्हणाला होता. रात्री अंथरुणात त्याला एकदा वाटलं, की दहा वर्षांची पोर पहिलीत कशी? पण सकाळी पवन तिचं बोट धरून, रडता न रडता, शाळेच्या दारात शिरला, आणि शंका तिथेच संपली. वस्तीवर पाचवीचा वर्गच नव्हता. पाच म्हटलं असतं तर तिला रोज चार किलोमीटर दुसऱ्या गावी पाठवावं लागलं असतं, आणि पवन परत झाडावर.

मग आधारचा कॅम्प आला. या घरात सगळ्यांचा जन्म एक जूनचा. पूर्वीच्या गुरुजींनी सगळ्या घराण्याला एकाच तारखेला जन्माला घातलं होतं. जगदीशनं पुतणीला तीच तारीख दिली. वर्ष मात्र पहिलीला शोभेल असं दिलं. आज रंजिताचं खरं वय साडेबारा होतं आणि आधारवर ती आठ वर्षांची होती. साडेचार वर्षं एका कागदात हरवली होती आणि जगदीशला त्यांचा पत्ता माहीत होता.

"माले वाटनं," तो म्हणाला, "दादाले माहीत व्हई."

"माले वाटनं जगदीश बारावी शे," छगन म्हणाला.

"मन्ही पोरले विचारं का कोनी?" गजराबाई म्हणाली.

हे तिघांनाही सुचलं नव्हतं. रेवाबाईनं हाक मारली, "रंजिता, वं रंजिता. पुढे ये."

*

रंजिता हात पुसत आली. अंगानं लांब, पंजाबी ड्रेसचे पायचे आखूड झालेले. तिला बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून ती वर्गात उभं राहतात तशी उभी राहिली.

"तू सांगं नही का, तू पाचवीनी शे म्हनीसन?"

"सांगं व्हतं, फुई," ती आत्याला म्हणाली. "काका म्हने, इकडली पहिली म्हंजे तिकडली पाचवीच शे. फक्त नाव येगळं."

सगळ्यांनी जगदीशकडे पाहिलं. जगदीश भज्यांकडे पाहत होता.

"अन् मायले फोनवर काय सांगे?"

"माय विचारे, शाळामा जास का? मी सांगू, जास." ती थांबली. "कितवीले, आसं कोनी विचारंच नही."

गजराबाईनं मान खाली घातली. उसाच्या फडावरून फोन लावताना, बॅटरी जायच्या आत, तिनं नेहमी एकच विचारलं होतं: जेवली का, शाळेत जाते का. दोन्हीला "हो" असायचं. "कितवी" हा प्रश्न तिला कधी सुचला नाही, कारण तिला स्वतःला कुणी कधी तो विचारला नव्हता.

आणि चूक बाहेर आली तरी बाजू काही बदलेनात. उलट प्रत्येकाला तीत सोय दिसली. जगदीश म्हणाला, आता दुसरी झालीच आहे, चौथीपर्यंत पूर्ण करू द्या, कागद तर बरोबर लागेल. रेवाबाई म्हणाली, तिसरी तर तिसरी, विसरवाडीतही तिसरी आहे. छगननं मग शेवटचं काढलं: त्याच्या गावी अजून तिचं नाव निघेल, तिथे ती थेट सातवीत बसेल, गुजरातीत. घरी लहान बाळ आहे, पण त्याचा संबंध नाही. "शिकी बी," तो म्हणाला.

"तिले वाचता तरी येस का आते?" रेवाबाईनं मध्येच विचारलं. "दोन वरीस बाराखडी करेल शे पोरनी."

छगननं भजी बांधायच्या गठ्ठ्यातलं वर्तमानपत्राचं पान ओढून तिच्यापुढे धरलं. जुना अंक होता. कापसाच्या बोंडअळीवर काहीतरी होतं. फोन अजून चालूच होता आणि पलीकडे मुख्याध्यापक अजून होते, हे फक्त रिनाला माहीत होतं.

रंजितानं पान घेतलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं, प्रत्येक शब्द वेगळा करून वाचलं, "शेतकऱ्यांनी. कामगंध सापळे. लावावेत."

आणि थांबली.

बोट तिथेच. डोळे पानावरून वर, समोरच्यांवर. तिला वाचता येत नाही म्हणून ती थांबली असं रेवाबाईला वाटलं. पण ती वाट पाहत होती. कढईपाशी सुकलालला ते कसं कुणास ठाऊक समजलं. तो म्हणाला, "शेतकऱ्यांनी कामगंध सापळे लावावेत."

रंजितानं मान हलवली आणि पुढची ओळ वाचली. थांबली. या वेळी सुकलालबरोबर बाकावरचे दोन ट्रकवालेही म्हणाले. चौथ्या ओळीला बंद गाडीचा कंडक्टर चहाचा ग्लास हातात धरून म्हणत होता, "बोंडे गोळा करून नष्ट करावीत." एकाचा उच्चार चुकला. रंजितानं त्याच्याकडे बोट करून तो शब्द परत म्हणून घेतला, आणि पन्नाशीच्या त्या माणसानं तो परत म्हटला.

"आसं का वाची ऱ्हायनी तू?" छगननं विचारलं.

"आसंच वाचतस ना," रंजिता गोंधळून म्हणाली. "सर मीटिंगले जातस. मंग पहिली-दुसरीना वर्ग मीच लेस. एक ओळ सांगीसन थांबनं पडस, नहीतर बारका मांगे राही जातस."

"कितला दिन?"

"सर येतस मंगळवारे अन् शुक्रवारे."

फोनमधून खोकल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक म्हणाले, "हे बघा, मला ऐकू आलं सगळं. सातवीत नाही घेता येणार. पाचवी अर्धी झाली असेल तर सहावीत बसवून बघतो, मुलीची चाचणी घेतो. पण आधारवर आठ वर्षं आणि दाखल्यावर दुसरी, माझ्याकडे धरायला काहीच नाही. ज्यांच्या-ज्यांच्या घरी ती राहिली त्या सगळ्या पालकांनी काय झालं ते एका कागदावर लिहून, सह्या करून द्या. आधारचं पुढे बघू. सोमवारी दहाच्या आत आणा. नाहीतर तिसरी."

दुपारी साडेबाराला नंदुरबारकडची गाडी होती. छगनलाही पलीकडे परतायची गाडी धरायची होती. तीन घरं एका बाकावर परत कधी येतील याचा कुणालाच भरवसा नव्हता.

*

लिहायला वही रिनाची होती आणि पेन कंडक्टरचा. लिहिणार कोण, यावर पाच मिनिटं गेली. जगदीशनं पेन उचललं, तर छगन म्हणाला, "तू नको." रिनाला बसून लिहिता येईना. शेवटी वही रंजितापुढे आली, कारण उरली तीच होती. सगळे सांगायला लागले.

"लिख, की गैरसमज व्हयना," जगदीश म्हणाला.

"कोना गैरसमज, ते बी लिख," छगन म्हणाला.

"लिख, फुईनी चांगलंच करानं व्हतं," रेवाबाई म्हणाली. "अजून करेल नही ते सोड."

रंजितानं मान वर केली नाही. शाळेची मराठी लिहिताना तिचं तोंड थोडं हलत होतं. गजराबाई तिच्या हाताकडे पाहत होती. हे अक्षर तिनं पहिल्यांदाच जवळून पाहिलं. वळणदार, एकसारखं, फळ्यावर लिहितात तसं मोठं.

"वाच," छगन म्हणाला.

"मी रंजिता चंदन. मी गुजरातमध्ये तिसरी, चौथी आणि अर्धी पाचवी शिकले. कागद वाचण्यात चूक झाल्याने मला पहिलीत बसवले. दोन वर्षे मी पहिली-दुसरीत शिकवले. माझे वय साडेबारा आहे. मला सहावीत बसवावे ही विनंती."

"शुद्धलेखन चुकनं," जगदीश लगेच म्हणाला. त्याला बरं वाटलं. एवढं तरी त्याला येत होतं. "‘शिकले’ लिख. मधला व जास्त पडना."

"चुकेल नही, काका."

"पोरगी शाळामा शिकस. शिकाडस नही. व काढ."

"मी तठे काय शिकनू, सांगा," रंजिता म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, खरंच विचारत होती. "तुम्ही सांगा, मी लिखस."

दोन वर्षांत ती काय शिकली, हे आठवायचा जगदीशनं प्रयत्न केला. पवन काय शिकला ते लगेच आठवलं: वाचायला, वीसपर्यंत पाढे, रांगेत उभं राहायला.

"सर फसतीन ना," तो मग म्हणाला. "व लिखा तर सर फसतीन. पट उतरी. शाळा बंद व्हई. पवन कोठे जाई?"

हे मात्र खरं होतं. गजराबाईलाही ते कळत होतं. वस्तीवरच्या उरलेल्या पोरांना तिनं काल पाहिलं होतं. रंजिता निघाली तेव्हा ती सगळी पोरं रस्त्यापर्यंत मागे आली होती.

रेवाबाईनं वही ओढली. बालवाडीत ती नऊ वर्षांची, मांडीवर दीड वर्षाचा जगदीश. तो रडू नये म्हणून ती गाणी म्हणायची आणि सगळी बालवाडी तिच्यामागे म्हणायची. घरात ही गोष्ट जगदीश कसा लहानपणापासून हुशार होता, हे सांगण्यासाठी सांगितली जायची. ती स्वतःही तशीच सांगत आली होती. त्या "व" वर तिनं बोट ठेवलं. तिसरीपर्यंतची अक्षरं तिला येत होती.

"हाऊच का?" तिनं विचारलं.

"हां फुई."

"राहू दे." तिनं पेन घेतलं आणि खाली नाव लिहायला लागली. चार अक्षरांना तिला एवढा वेळ लागला की दोन गिऱ्हाईकं चहा न घेताच निघून गेली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "अन् रिना," ती म्हणाली, "तुन्ही मायले बोलावजो बाळंतपणले. मी बी शे. होई जाई."

छगन अजून उभाच होता. "मन्हाकडलं बी लिखशी का? जुळं संभाळानं वगैरे?"

"लिखू का, मोठा बाबा? जागा शे."

छगननं पटकन सही केली.

बंद गाडी एकदम सुरू झाली. कंडक्टर पेन मागायला आला. पेन जगदीशच्या हातात होतं.

"सोमवारे पवनले कोन बसाडी वर्गमा?" जगदीशनं विचारलं. कुणाला विचारतोय हे त्याला स्वतःलाही स्पष्ट नव्हतं.

"तुम्ही बसा ना त्यान्हा संगे," रंजिता म्हणाली. "चार दिन बसा. मंग तो बसस एकटा. पहिल्यांदा फक्त दारकडे पाठ करीसन बसाडा, बाहेर देखस तर पळस." ती थोडा विचार करून म्हणाली, "अन् तुम्ही बारावी शेतस. सर नही उनात तर तुम्हीच ल्या वर्ग."

ट्रकवाल्यांपैकी एक हसला. रंजिता हसत नव्हती. ती आपला वर्ग सोपवून देत होती.

जगदीशनं सही केली. नेहमीची त्याची सही इंग्रजीत, शेवटी एक लांब फरकाटा असलेली. या वेळी फरकाटा आलाच नाही. पेन कंडक्टरला देऊन तो कढईपाशी गेला, सुकलालनं त्याच्या हातात न विचारता भज्यांची पुडी ठेवली, आणि त्यानं ती पवनसाठी डिकीत ठेवली.

*

साडेबाराची गाडी एक वाजता आली. गजराबाईनं मागच्या चाकावरची जागा धरली आणि कागद पिशवीत, पिशवी पोटाशी घेतली. तीन सह्यांखाली तिचाही अंगठा होता. तो तिनं कुणी सांगायच्या आत उमटवला होता. गाडी फाट्यावरून वळली तेव्हा रेवाबाई चहा ओतत होती आणि छगन आपली सुरू झालेली गाडी परत बंद पडल्याचं बघत होता.

गाडी खडखडत होती. गजराबाईला एक गोष्ट विचारायची होती, पण ती विचारायची सवय तिला नव्हती, म्हणून तिला वेळ लागला.

"सहावीमा काय ऱ्हास?" तिनं विचारलं.

रंजितानं विचार केला. मग म्हणाली, "माले नही माहीत, माय."

म्हणून झाल्यावर ती आईकडे पाहत राहिली. दोन वर्षांत तिला कुणीही काहीही विचारलं तरी तिला ते येत होतं. मग तिनं तेच वाक्य परत एकदा, आता हळू, स्वतःशीच म्हणून पाहिलं, आणि खिडकीकडे सरकून बसली.